सुरू होताना उसळणारे इंजिन आणि खरोखर बेफाम सुटलेले इंजिन

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे १० अश्वशक्तीचे, २ सिलिंडरचे, टर्बो नसलेले, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे डिझेल इंजिन ७.५ केव्हीएच्या जनरेटरला जोडलेले आहे. पावसाळ्याचे चार महिने ते बंद होते. आता ते सुरू केले की पहिले तीन-चार सेकंद जोरात ओरडते, काळा धूर सोडते, हर्ट्झ मीटरचा काटा ६४ पर्यंत जातो आणि मग इंजिन आपोआप खाली येऊन ५२ हर्ट्झवर शांतपणे चालत राहते. गावातील कारागिराने ही ‘रनअवे’ची, म्हणजे इंजिन ताब्याबाहेर बेफाम सुटण्याची, सुरुवात असल्याचे सांगून इंजिन पूर्ण खोलण्याचा सल्ला दिला आहे आणि तो मानावा की नाही, हे आपण विचारले आहे.

गेली ३४ वर्षे मी सांगली-कोल्हापूर भागात शेतीपंप, गुऱ्हाळे आणि जनरेटर यांची डिझेल इंजिने दुरुस्त करीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपण वर्णन केलेला प्रकार रनअवे नाही. आपल्या इंजिनाचा गव्हर्नर (वेग ताब्यात ठेवणारी यंत्रणा) काम करतो आहे, फक्त तो उशिरा जागा होतो आहे. त्यासाठी लायनर-पिस्टन काढण्याचे काहीही कारण दिसत नाही. मात्र डिझेल पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) आणि गव्हर्नरची जोडणी तपासून घेईपर्यंत इंजिन सुरू करू नये, असा माझा आग्रह आहे. जी रॅक आज तीन सेकंद उशिरा मागे येते, ती एखाद्या सकाळी मागे येणारच नाही, ही शक्यता खरी आहे, आणि तो दिवस उजाडला तर कारागिराचे भाकीत भलत्याच कारणाने खरे ठरेल.

दोन्ही प्रकारांतला भेद समजण्यासाठी डिझेल इंजिनाचा वेग कशाने ठरतो, हे आधी पाहावे लागते. पेट्रोल इंजिनात ठिणगी बंद केली की इंजिन थांबते आणि हवेच्या वाटेवरची झडप मिटली की ते मंदावते. आपल्यासारख्या साध्या डिझेल इंजिनात यांपैकी काहीच नसते. दर दोन फेऱ्यांना एकदा सिलिंडर भरभरून हवा आत घेतो, ती साधारण सोळा-सतरा पट दाबली जाते, तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि त्या तापलेल्या हवेत जे काही जळण्याजोगे पडेल ते स्वतःहून पेट घेते. म्हणजे हवा नेहमीच मुबलक असते, पेटवण्याची सोय नेहमीच हजर असते आणि वेगावर ताबा राहतो तो केवळ दर धडक्याला, म्हणजे सिलिंडरमधल्या प्रत्येक ज्वलनाला, किती डिझेल आत सोडले जाते, या एकाच गोष्टीवर. ते प्रमाण पंपाची रॅक ठरवते आणि रॅकला पुढे-मागे करण्याचे काम गव्हर्नर करतो.

इंजिन बंद असताना गव्हर्नरची वजने मिटलेली असतात आणि त्याची स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलच्या बाजूला ढकलून बसलेली असते. हा दोष नाही. गार इंजिन सुरू होण्यासाठी जादा डिझेल लागते, म्हणून ती रचना मुद्दाम तशी केलेली आहे. इंजिनाने पहिला धडका दिला, फेरे वाढले, की वजने बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगवर मात करून रॅकला मागे खेचतात. निरोगी इंजिनात हे सगळे सेकंदभरात उरकते. सुरू होताना फेरे थोडे वर जातात आणि लगेच जागेवर येतात, ते ऐकून कोणी दचकत नाही. आता असे समजा की रॅक चिकटपणामुळे जागच्या जागी अडखळते आहे. १५०० फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेबारा धडके देतो. चार सेकंदांत एकेका सिलिंडरचे ५० धडके होतात, तेही पूर्ण डिझेलवर आणि कोणताही लोड नसताना. एवढ्या जोराला वापर नसल्यामुळे तो सगळा फेरे वाढवण्यात जातो. वेग जितका वाढतो तितकी वजने अधिक जोराने बाहेर ओढतात, आणि एका क्षणी चिकटपणा हरतो, रॅक सुटते आणि इंजिन खाली येते. हर्ट्झच्या आकड्याला ३० ने गुणले की चार ध्रुवांच्या जनरेटरचे फेरे कळतात, त्यामुळे आपला ६४ चा आकडा म्हणजे १९२० फेरे. तेथे पोहोचल्यावर वजनांना रॅक हलवण्याइतके बळ आले, हे तो आकडाच सांगतो आहे.

खरा रनअवे याच्या उलट वागतो. त्यात वेग वाढण्याचे कारण वेगामुळेच आणखी बळावते. सर्वांत परिचित उदाहरण इंजिन ऑइलचे आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू खालच्या क्रँककेसमध्ये उतरतो, ऑइलचे तुषार घेऊन ब्रीदरमधून (क्रँककेसचा वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेने) बाहेर पडतो आणि ब्रीदरची नळी हवेच्या वाटेला जोडलेली असेल तर ते तुषार थेट सिलिंडरमध्ये जातात. तेथे ते डिझेलसारखेच जळतात. त्यामुळे फेरे वाढतात, फेरे वाढल्याने खाली उतरणारा वायू वाढतो, त्याबरोबर ऑइल अधिक येते आणि फेरे पुन्हा वाढतात. गव्हर्नर बिचारा आपले काम चोख करीत रॅक शून्यावर नेऊन बसलेला असतो, परंतु इंजिन आता पंपाचे डिझेल पीतच नसते. म्हणून माझ्या लेखी फेरे किती वर गेले, आवाज किती भयंकर झाला, धूर किती निघाला, यावरून रनअवे ठरत नाही. इंजिन जे खात आहे त्यावर कोणाचा ताबा उरला आहे का, एवढाच प्रश्न निर्णायक आहे.

या प्रश्नाचे उत्तर स्टॉपचा दांडा देतो. तो ओढल्याबरोबर इंजिन बसले, तर गव्हर्नरमध्ये काही बिघाड असला तरी डिझेल तोडता येत होते, म्हणजे ताबा सुटलेला नव्हता. दांडा जड लागला, अर्ध्यावर अडला किंवा हललाच नाही, तर रॅक किंवा प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) पंपातच अडकला आहे. हा बेफाम वेगाचाच एक प्रकार आहे, कारण इंजिन पूर्ण डिझेलवर सुटलेले असते, पण त्याचे खाद्य अजून पंपातूनच येत असते. आणि दांडा शेवटपर्यंत सहज गेला, रॅक शून्यावर पोहोचली आणि तरीही इंजिन गर्जत राहिले, तर ते बाहेरचे काहीतरी खात आहे. बहुतेकदा ते ऑइल असते, क्वचित हवेतला ज्वलनशील वायू असतो. कारागीर मंडळी या तिन्ही अवस्थांना सरसकट रनअवे म्हणतात, आणि त्यातूनच पंपाचा दोष असताना इंजिन खोलले जाते किंवा इंजिनाचा दोष असताना पंप पुन्हापुन्हा तपासणीच्या बेंचवर चढतो.

धुराचा रंग हा दुसरा साक्षीदार आहे, जरी तो स्टॉपच्या दांड्याइतका खात्रीचा नाही. डिझेल प्रमाणाबाहेर गेले तर धूर काळा येतो. ऑइल जळू लागले तर तो निळसर-पांढरा, दाट आणि उग्र वासाचा असतो, आणि इतका येतो की काही क्षणांत इंजिन दिसेनासे होते. आपला धूर काळा होता आणि फेरे खाली येताच तो विरला, ही जमेची बाजू आहे.

आता आपल्या इंजिनाकडे येतो. चार महिने बंद असलेल्या पंपात काय घडते, ते मी दर दिवाळीच्या सुमारास पाहतो. टाकीत अर्धे डिझेल राहते, रिकाम्या भागातल्या दमट हवेचे पाणी धरते, ते तळाला बसते आणि फिल्टर भरून गेला की पंपापर्यंत पोहोचते. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढी असते, त्यामुळे गंजाचा नुसता डागसुद्धा प्लंजरला जड करण्यास पुरतो, आणि प्लंजर जड झाला की त्याला फिरवणारी रॅक जड होते. पाणी नसले तरी डिझेल सुकून पिवळसर डिंकासारखा थर धरतो. याशिवाय पंपाच्या गव्हर्नर कप्प्यात ऑइल असल्यास ते जुने होऊन घट्ट झालेले असते. ही तिन्ही कारणे आपल्या लक्षणाशी जुळतात आणि तिन्ही पंप दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर सुटणारी आहेत.

याखेरीज दोन साधी कारणे आहेत, ज्यांचा विचार पंप काढण्यापूर्वीच करावा. पहिले म्हणजे स्पीडचा दांडा कोठे ठेवून इंजिन सुरू केले जाते. इंजिन लवकर उचलावे म्हणून तो पुढे दाबून धरण्याची सवय अनेकांना असते. तसे केल्यास गव्हर्नर हुकमाप्रमाणेच वेग वाढवतो आणि हात सुटला की इंजिन खाली येते. दुसरे म्हणजे सुरू होण्यापूर्वी किती वेळा स्टार्टर मारावा लागला. दहा-बारा वेळा मारूनही इंजिन उचलत नसेल, तर तेवढ्या वेळात आत पडलेले न जळलेले डिझेल सिलिंडरमध्ये आणि पिस्टनच्या डोक्यावर साचते. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल ठिबकत असेल तरी तेच होते. मग पहिला धडका पकडला की साचलेले सारे एकदम जळते आणि इंजिन काही क्षण उसळते. अशी उसळी अनियमित असते. जी उसळी रोज, प्रत्येक वेळी, तेवढ्याच उंचीची येते ती रॅकची किंवा जोडणीची समजावी.

पंपाला कोणी नुकताच हात लावला असेल तर मात्र माझे मत बदलते आणि मी फार सावध होतो. एका सिलिंडरच्या अनेक इंजिनांत डिझेल पंप वरून किंवा बाजूने खाचेत बसवला जातो आणि त्याच्या रॅकची लहानशी पिन गव्हर्नरच्या दुबेळक्यात अडकवावी लागते. पिन दुबेळक्याबाहेर राहिली तरी पंप नीट बसतो, नट आवळले जातात, बाहेरून काहीही कळत नाही. माझ्या उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः ही चूक केली. विहिरीवरचे ५ अश्वशक्तीचे इंजिन होते. हँडल मारले, पहिल्या धडक्यालाच ते उचलले आणि थांबण्याचे नाव न घेता वर वर चढत गेले. स्टॉपचा दांडा मी दोन्ही हातांनी ओढत होतो, पण तो ज्या साखळीतून रॅकपर्यंत पोहोचतो तीच तुटलेली होती. शेतमालकाने प्रसंगावधान राखून डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडून देणारा) दांडा उचलला म्हणून ते बसले. त्या दिवसापासून आजवर, पंप बसवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी मी झाकण उघडून पिन दुबेळक्यात आहे हे डोळ्यांनी पाहतो आणि स्टॉपचा दांडा ओढल्यावर रॅक शून्याला जाते हे बोटाने चाचपतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलाला हे दोनदा करायला लावले आहे.

ऑइलच्या रनअवेचा मी पाहिलेला सर्वांत भीषण प्रसंग एका गुऱ्हाळावरचा आहे, आणि त्यात इंजिनाचा काडीचाही दोष नव्हता. हवेचा फिल्टर ऑइल-बाथ पद्धतीचा होता, म्हणजे आत येणारी हवा ऑइलच्या भांड्यावरून वळते आणि तिच्यातली धूळ ऑइलमध्ये राहते. भांड्यावर पातळीची खूण असते. ऊस गाळपाच्या हंगामात धूळ फार म्हणून तेथल्या कामगाराने खुणेच्या बरेच वर ऑइल भरले, जास्त ऑइल जास्त धूळ धरेल या भाबड्या हिशेबाने. इंजिन सुरू झाले आणि मिनिटभर ठीक चालले. वेग वाढवताच हवेच्या ओढीने ऑइलचा लोळ आत गेला. मी तेथे चरकाच्या पट्ट्यासाठी गेलो होतो. पांढऱ्या-निळ्या धुराने सारा मांडव भरला, चरक थरथरू लागला, आणि एक तरुण हवेच्या नळीवर हाताचा पंजा दाबायला धावला. त्याला मी अक्षरशः ओढून मागे घेतले. गुळाच्या ढेपा मांडायची एक फळी शेजारी होती, ती फिल्टर उखडलेल्या नळीच्या तोंडावर उभी दाबली, तेव्हा तीन-चार सेकंदांत इंजिन गुदमरून बसले. नंतर पाहिले तर रिंगा, लायनर, सारे उत्तम स्थितीत होते. दोष भांड्यात ओतलेल्या जादा ऑइलचा होता.

यावरून थांबवण्याच्या पद्धतीकडे वळतो, कारण वर सांगितलेले निदान इंजिन शांत असताना करायचे आहे, ते सुटलेले असताना नव्हे. वेग चढतो आहे आणि उतरत नाही असे दिसताच स्टॉपचा दांडा एकदा, पूर्ण ओढावा. दोन सेकंदांत फरक पडला नाही तर दांड्याशी झटत बसू नये, लगेच हवा तोडावी. डिझेल असो, ऑइल असो की वायू, हवेवाचून काहीच जळत नाही, म्हणून हा एक उपाय सर्व प्रकारांना लागू पडतो. हवेच्या तोंडावर सपाट लाकडी फळी किंवा पत्रा दाबावा. हात कधीही लावू नये, कारण ओढ इतकी असते की पंजा जायबंदी होतो. कापड, पोते, जाकीट यांचाही भरवसा धरू नये. ती आत ओढली जातात, फाटतात आणि हवा चालूच राहते. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाइप फाटलेला असेल तर फिल्टरचे तोंड बंद करून उपयोग होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मी माझ्या ग्राहकांना १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा वीतभर रुंद चौकोन कापून, त्याच्या एका बाजूला जुन्या ट्यूबचे रबर ठोकून, तो इंजिनाशेजारी खिळ्याला अडकवून ठेवायला सांगतो. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे हवेच्या वाटेत सोडल्यानेही इंजिन बसते. कोरड्या पावडरचे नळकांडे मात्र तेथे वापरू नये, कारण ती पावडर सिलिंडरमध्ये जाऊन लायनर खरवडते. पाणी तर मुळीच ओतू नये. पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो.

डिझेलचा नळ बंद करण्याकडे अनेकांचा कल असतो. तो चूक नाही, पण फिल्टर, पंप आणि नळ्या यांत उरलेल्या डिझेलवर इंजिन बराच वेळ चालू शकते, आणि बेफाम इंजिनाकडे तेवढा वेळ नसतो. जुन्या पद्धतीच्या पंपात नोझलच्या नळीचा नट पान्याने सैल करून डिझेल बाहेर सोडतात. ते मी स्वतः एकदा केले आहे, तरी कोणाला सुचवत नाही, कारण गरम सायलेन्सरवर उडालेले डिझेल पेटते. कॉमन रेल (एका सामाईक नळीतून सर्व नोझलना डिझेल देणाऱ्या) इंजिनाच्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो, तिथली धार कातडीत शिरते, त्यामुळे तेथे चालू इंजिनात नटाला हात लावण्याचा विचारसुद्धा करू नये. लोड तोडून इंजिनाला ‘आराम’ द्यावा असेही कोणी सांगतात. बेफाम इंजिनाचा लोड काढला तर ते आणखी वेगाने धावते, म्हणून पट्टा उतरवण्याच्या किंवा मेन स्विच पाडण्याच्या फंदात पडू नये. जवळ जाताना फ्लायव्हीलच्या फिरण्याच्या रेषेत कधीही उभे राहू नये. ते फुटले तर तुकडे त्याच रेषेत सुटतात.

फ्लायव्हीलची ही भीती कल्पनेतली नाही. फिरणाऱ्या भागांवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेरे दुप्पट झाले की ताण चौपट होतो. बिडाच्या फ्लायव्हीलसाठी कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटरपर्यंत ठेवावा, असा जुना ठोकताळा आहे. ६५० फेऱ्यांच्या जुन्या संथ इंजिनाचे ६०० मिलिमीटर व्यासाचे फ्लायव्हील सेकंदाला साधारण २० मीटरने धावते, पण तेच दुप्पट वेगाला ४० च्या वर जाते. आपल्या इंजिनाच्या बाबतीत १९२० फेऱ्यांना कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवर येणारा खेच नेहमीच्या सुमारे १.६ पट होतो. तीन सेकंदांसाठी तो निभावतो, पण रोज सकाळी तो देणे मला मान्य नाही. शिवाय ६४ हर्ट्झला व्होल्टेजही चढलेले असण्याची शक्यता असते, म्हणून इंजिन ५२ वर स्थिर होईपर्यंत घरातला किंवा गोठ्यातला कोणताही लोड जोडू नये.

ट्रॅक्टर, जीप आणि मोटारी यांच्याबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण आपल्या कारागिराने ‘टर्बोच्या गाडीत असेच होते’ असे म्हटल्याचे आपण लिहिले आहे. टर्बोचे (हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याचे) सील गेले की ऑइल दाबाने हवेच्या वाटेत येते. ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर असेल तर ते त्याच्या तळाशी साचत राहते, मंद चालताना काही कळत नाही आणि एखाद्या दिवशी जोरात रेस केल्यावर सगळे एकदम ओढले जाते. चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल तोडते. गिअरची गाडी असेल तर सर्वांत वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच झटकन सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते. ट्रॅक्टरवर हे करताना दोन्ही ब्रेकची पॅडल एकमेकांना जोडलेली आहेत हे पाहावे आणि पुढे कोणी उभे नसावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ या धूर-प्रदूषणाच्या नियमांनंतरच्या अनेक डिझेल मोटारींत धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते. नेहमी गावातल्या गावात छोट्या फेऱ्या झाल्या तर त्यातले काही डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि गेज काडीवरची पातळी न ओतताही वर चढते. ती पातळी कमाल खुणेच्या वर गेलेली दिसली तर गाडी तशीच चालवू नये. आपल्या इंजिनाला टर्बो नाही, त्यामुळे हा मार्ग आपल्यापुरता बंद आहे. मात्र गेज काडीचा नियम आपल्यालाही लागू आहे, कारण फीड पंप (टाकीतले डिझेल पुढे ढकलणारा) किंवा प्लंजर गळू लागला तरी डिझेल संपमध्ये (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरून पातळी वाढवते. काडी पुसून वास घ्यावा, डिझेलचा वास लपत नाही.

हवेतून येणाऱ्या वायूचा रनअवे खेड्यात क्वचितच दिसतो, पण तो सर्वांत क्रूर आहे, कारण त्यात इंजिन निर्दोष असते. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पसरलेल्या हायड्रोकार्बन वाफेत एक डिझेल पिकअप गाडी चालू स्थितीत उभी होती. वाफ हवेबरोबर आत गेली, इंजिन बेफाम झाले, आणि त्या गाडीनेच स्फोटाला ठिणगी दिली असण्याचा संभव सर्वाधिक असल्याचे चौकशीत नोंदवले गेले. त्या स्फोटात १५ जण मृत्युमुखी पडले. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या विहीरयंत्रावरही वायू जनरेटरच्या इंजिनांत शिरला, फेरे चढले, दिवे प्रखर होत गेले आणि मग स्फोट झाला. तेथे ११ कामगार गेले. महामार्गावर गॅसचा टँकर उलटलेला दिसला तर जवळपासची डिझेल वाहने सुरू करू नयेत आणि सुरू असलेली तत्काळ बंद करावीत, असे मी ट्रक चालवणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगत असतो. सायलेन्सरवर ठिणगी अडवणारी जाळी असली तरी ती हवेच्या वाटेने आत शिरणारा वायू अडवत नाही.

काळ्या धुराची उसळी आणि ऑइलचा रनअवे यांच्या मधली एक अवस्था आहे, आणि तिच्याबाबत मात्र आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. रात्रभर बंद असलेले इंजिन सकाळी सुरू होताना निळा धूर सोडत थोडे उसळत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून झिरपलेले ऑइल जळते आहे. ते थोडे असल्यामुळे लगेच संपते, म्हणून धोका वाटत नाही. पण हवेच्या वाटेने ऑइल जळण्यापर्यंत पोहोचते आहे, हे त्यातून सिद्ध झालेले असते. असा निळा झोत दिसला असता, तर मी कारागिराच्या बाजूने उभा राहिलो असतो.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. प्रथम इंजिन बंद असताना टाकीच्या तळाचा बोल्ट सोडून पाणी आणि गाळ काढावा, दोन्ही डिझेल फिल्टर बदलावेत. हवेचा पाइप काढून आतून पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडके कोरडे किंवा नुसते धुळकट निघाले तर ऑइलची शंका जवळजवळ मिटते, चिंब निघाले तर ब्रीदर आणि फिल्टरच्या भांड्याची पातळी तपासावी. मग पंपाचे बाजूचे झाकण उघडून रॅक बोटाने मागे-पुढे करावी. ती हलक्या दाबाने, कोठेही न अडखळता सरकली पाहिजे आणि सोडताच स्प्रिंगच्या जोराने स्वतः परत आली पाहिजे. आपल्या इंजिनात ती अडखळेल असा माझा अंदाज आहे. स्टॉपचा दांडा ओढून ती शून्याला टेकते का, तेही पाहावे. टेकत नसेल तर इंजिन सुरू करू नये, पंप थेट काढावा.

रॅक मोकळी असेल तर स्पीडचा दांडा सर्वांत खालच्या वेगावर ठेवून, एकाने स्टॉपच्या दांड्यावर हात ठेवून आणि दुसऱ्याने रबर लावलेली फळी घेऊन, इंजिन एकदा सुरू करावे आणि हर्ट्झ मीटरचा सर्वांत वरचा आकडा लिहून घ्यावा. वीस मिनिटे चालवून, बंद करून, गरम असतानाच पुन्हा सुरू करावे. गरम इंजिनात उसळी नाहीशी झाली तर दोष घट्ट ऑइलचा किंवा डिंकाचा आहे आणि साफसफाईने तो जाईल. गरम असतानाही तेवढीच उसळी राहिली तर गव्हर्नरच्या सांध्यांतल्या पिना झिजून ढिल्या झाल्या आहेत किंवा पूर्वी कोणीतरी वेगळ्या ताकदीची स्प्रिंग घातली आहे.

पंप बेंचवर न्यावाच लागला तर दुकानदाराला केवळ ‘कॅलिब्रेशन करा’ असे सांगू नये. रॅक व प्लंजर मोकळे करून द्यावेत, गव्हर्नरच्या पिना आणि बुश तपासावेत, स्प्रिंग मूळ नंबरचीच असावी आणि सुरुवातीचे जादा डिझेल किती फेऱ्यांना तुटते ते बेंचवर पाहून कागदावर लिहून द्यावे, असे स्पष्ट सांगावे. पंप परत बसवल्यावर रॅकची जोडणी डोळ्यांनी पाहण्याचा आणि स्टॉपचा दांडा चाचपण्याचा क्रम पुन्हा करावा, मगच स्टार्टर मारावा. दुरुस्तीपूर्वीचा ६४ चा आकडा आपल्याजवळ आहेच. नंतरचा आकडा ५५-५६ च्या आत आला आणि काटा सेकंद-दीड सेकंदात ५२ वर उतरला, तर काम झाले असे समजावे. तो ६० च्या आसपास अडकून राहिला तर दोन्ही आकडे, धुराचा रंग आणि गरम-गार इंजिनातला फरक मला कळवावा, म्हणजे पुढे गव्हर्नर उघडायचा की नोझल तपासायचे, ते सांगता येईल.